सतरावा संदर्भ

आमच्या ताजिक मुलखातल्या खुजंद शहरी, त्या क्षयाच्या इस्पितळात डॉक्टरमंडळी दोनच गोष्टींना टरकून असायची. एक म्हणजे राजधानीहून येणारी तपासणी आणि दुसरी वरच्या मजल्यावरची मुकर्रमा खाला, सगळ्यांची मावशी. तपासणीला निदान जेवू घालून गप्प करता यायचं. खालाच्या ताटात पुलावाचा डोंगर रचला तरी ती बोटं चाटत म्हणायची, "पुलाव झकास झालाय. पण तुझा नववा संदर्भ खोटा आहे, तो आधी काढ."

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला जिकिरीचं. डॉक्टरांनी वैद्यकीय मासिकासाठी लेख खरडला की तो आधी तिच्या टेबलावर यायचा. लेखात जे जे दुसऱ्याकडून घेतलं असेल त्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक आकडा घालायचा, आणि त्या आकड्याचा धनी लेखाच्या शेवटी यादीत बसवायचा. आडनाव आधी, मग नावाचं अक्षर, लेखाचं नाव, मासिक, साल, पानं. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला की परदेशी मासिकवाले लेख आल्या पावली परत धाडायचे, आणि इकडे कुणाची तरी बढती वर्षभर लोंबकळायची. म्हणून सगळे तिच्यापुढे मान खाली घालून उभे.

नवा डॉक्टर आला की खाला त्याला पहिला धडा द्यायची. "ज्या वाक्याला आकडा नाही, ते तुझं स्वतःचं, असं वाचणारा धरून चालतो. आणि तुझं नसताना तू आकडा लावला नाहीस, तर ती चोरी. दुसऱ्याच्या खिशात हात घातला काय आणि दुसऱ्याच्या वाक्यात घातला काय, हात तोच." पोरं हसायची. खाला हसत नसे.

दुसरा धडा जास्त कडू होता. मासिकांचा नियमच होता की अर्ध्याहून जास्त संदर्भ ताजे हवेत, आणि सगळे परदेशातल्या लेखांच्या मोठ्या नोंदणीत सापडणारे हवेत. आमच्याकडची जुनी पुस्तकं, ताजिकीत छापलेल्या पुस्तिका, आपल्या गुरूंनी आयुष्य घालून लिहिलेली टिपणं, यांतलं काहीच त्या नोंदणीत नाही. एकदा म्हातारे डॉक्टर इसोमिद्दिन तिच्याकडे आले होते, सगळ्यांचे अका, म्हणजे थोरले भाऊ. डोक्यावरची टोपी हातात घेऊन, एखाद्या पेशंटच्या नातेवाइकासारखे अवघडून उभे राहिले.

"मुकर्रमा, ती चौथी ओळ राहू दे ना. माझे गुरू होते गं. एक्स-रे धरायचा कसा इथपासून त्यांनी शिकवलं. आता त्यांचं नाव घेणारं मी सोडून कोणी उरलेलं नाही."

"अका, ही संदर्भांची यादी आहे, कबरस्तान नव्हे," खाला म्हणाली. "नोंद नाही, त्याला जागा नाही." आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तिने ती ओळ उडवली. खालचे सगळे आकडे एकेक पायरी वर सरकले. अकांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि भिंत धरून जिना उतरले. बोलणं खरं होतं तिचं, पण खरं बोलायलाही काही रीत असते की नाही! ती रीत खालाला कधी जमली नाही.

एवढ्या कडक बाईच्या पोटी निगिना जन्माला आली, ही देवाची गंमत. नवरा रशियात मजुरीला गेला तो तिकडचाच होऊन राहिला. मुकर्रमाने एकटीने पोर वाढवली, डॉक्टर केली. पोरगी हसरी, बडबडी, आणि हट्टाच्या बाबतीत मात्र थेट आईवर गेलेली. डोळ्यांची डॉक्टर हो, दातांची हो, म्हणून आईने जंग जंग पछाडलं. ती ऐकते कसली! आईच्याच इस्पितळात, खालच्या मजल्यावरच्या वॉर्डात येऊन उभी राहिली.

"ओया, तू वर कागद खातेस, मी खाली खोकला खाते," ती आईला म्हणायची. "दुपारी नान मात्र एकत्र खाऊ."

आमच्याकडे थंडीची चाहूल लागली की घरोघरी पिठाची खळ शिजते. कागदाच्या पट्ट्या कापायच्या, खळीत बुडवायच्या आणि खिडक्यांच्या फटी अशा चिकटवून टाकायच्या की वसंतापर्यंत वाऱ्याची काडी आत येऊ नये. वारा लागला की माणूस मेलाच, ही आमची समजूत. मांडीवरच्या पोरापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांची. घरात तेच, शाळेत तेच आणि इस्पितळातही तेच. क्षयाच्या वॉर्डात पंचवीस माणसं खोकतायत आणि वॉर्डाच्या आया मोठ्या मायेने खिडक्या लिंपतायत. रोग्यांचा बेडका तपासायला घ्यायची खोली तर सगळ्यांत ऊबदार म्हणून कौतुकाची.

निगिनाच्या डोक्यात ती खोली बसली. कोणत्या वर्षी कोणती नर्स आजारी पडली, ती कुठल्या खोलीत काम करायची, खिडक्या कधी लिंपल्या, हे तिने एक हिवाळाभर एकेकाला विचारून गोळा केलं. जे निघालं ते एका वाक्यात मावत होतं: लिंपलेल्या खोल्यांत काम करणारे आपले लोक इतरांपेक्षा कितीतरी जास्त आजारी पडतात, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि बेडका घ्यायची जागा अंगणात न्यावी. वॉर्डाचे प्रमुख हिकमतुल्लो प्रोफेसर, त्यांना सगळे दोमुल्लो, म्हणजे गुरुजी, म्हणत, ते ऐकून पोट धरून हसले. "पोरी, आजाराने मरायला माणसं थांबतील का? आधी थंडीनेच मरतील की!"

तरी तिने तरुण डॉक्टरांच्या परिषदेत ते वाचून दाखवलं. तिथेही हशाच पिकला. परिषदेची एक पातळ पुस्तिका निघाली, ताजिकीत. तिच्यात निगिनाचं एक पान होतं, वर तिचं एकटीचं नाव. मुकर्रमाने ते वाचलं, आणि घरी जाऊन सवयीप्रमाणे खळ शिजवायला घेतली.

"ओया, निदान आपल्या घरची तरी नको लिंपूस."

"वारा लागेल."

"वाऱ्याने कुणी मरत नाही गं. तो कोंडला की मरतात."

त्या हिवाळ्यात निगिनाला खोकला लागला. साधा क्षय असता तर निभावलं असतं. हा होता औषधांना दाद न देणारा. इंजेक्शनांनी तिचा एक कान गेला, गोळ्यांनी अन्न तुटलं. मुकर्रमाने शेजारणींचं ऐकून दुंब्या मेंढ्याच्या शेपटीची चरबी गरम दुधात घालून तिला पाजली. "डॉक्टर आहे मी, आणि चरबी पितेय," निगिना म्हणायची. "कुणाला सांगू नकोस, माझी पदवी काढून घेतील."

शेवटच्या आठवड्यात एकदा ती म्हणाली, "ओया, आजवर साऱ्या जगाची नावं यादीत बसवलीस. कुठे लागलं तर माझंही ते पान लाव ना. एकदाच."

आणि मुकर्रमाच्या तोंडून, जीभ झडो तिची, काय निघावं? "तुझं पान नोंदणीत नाही गं."

निगिना एवढी हसली, एवढी हसली की हसण्याचा खोकला झाला आणि खोकल्यात रक्त आलं. "तू म्हणजे ना," एवढंच ती म्हणाली. जर्दाळू फुलले तेव्हा तिला मातीत ठेवलं. दोमुल्लोंनी स्वतः जनाज्याला खांदा दिला. मुकर्रमाने दुखवट्याचे निळे कपडे घातले. ते वर्षभर घालायचे असतात.

कबरीवरची माती खाली बसायच्या आत तिने ठरवलं होतं, पोरीचं नाव यादीत बसवायचं. कसं, ते ठाऊक नव्हतं. यादीत नाव असं उगीच घुसडता येत नाही. त्याला धरायला लेखात वाक्य लागतं, आणि लेखाच्या मजकुराला हात लावायचा तिला अधिकार नव्हता.

शरदात दोमुल्लोंचा एक लेख तिच्या टेबलावर आला. तिने मथळा वाचला आणि हातातला चहाचा प्याला खाली ठेवला. लेख खिडक्यांवरच होता. निगिनाने गोळा केलेलं सगळं त्यात होतं. वरती लेखकांची नावं होती: आरोग्य खात्याचे एक साहेब, दोमुल्लो, त्यांचा जावई, आणखी दोघं. निगिना नव्हती.

ती तशीच खाली गेली. दोमुल्लोंच्या खोलीत हिरवा चहा आणि मनुकांची बशी मांडलेली होती.

"हे काम निगिनाचं आहे."

"आहे ना, अपा. मी कुठे नाही म्हणतोय?" थोरल्या बहिणीशी बोलावं तसं बोलत दोमुल्लोंनी तिच्यापुढे बशी सरकवली. "बसा तरी. हे बघा, साहेबांचं नाव पहिलं आहे म्हणून उद्या आदेश निघेल. जावयाला पदवी अडलीय. आणि ते दोघं... त्यांनाही घरंदारं आहेत. जिवंत माणसाला नावाचा उपयोग होतो. तिला आता बढती लागणार आहे का?"

"शेवटी टाका. पाचांच्या मागे. मेलेल्यांच्या नावापुढे खूण करतात, तशी खूण करून टाका."

"मग साहेब विचारणार, ही कोण? कशाने गेली? कुठे लागण झाली? इस्पितळाची अब्रू चव्हाट्यावर यायची, अपा. तुम्ही शहाण्या आहात."

शहाणी बाई बशीला हात न लावता वर आली. दार लावून घेतलं आणि रडली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच! आणि वर म्हणायचं, तुम्ही शहाण्या आहात.

मग डोळे पुसून तिने लेख ओळीओळीने वाचायला घेतला. आठव्या पानावर ती थांबली. लिंपलेल्या खोल्यांत काम करणारे लोक, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, बेडका घ्यायची जागा अंगणात न्यावी. शब्द न् शब्द निगिनाचा. दोमुल्लोंना स्वतःचं वाक्य घडवायचाही कंटाळा आला होता. वाक्याच्या शेवटी आकडा नव्हता.

मजकुराला हात लावायचा अधिकार तिला नव्हता, पण उसन्या वाक्याला आकडा लावणं हे तर तिचं कामच होतं. तिने आकडा घातला, सतरा. यादीत सोळाव्याच्या खाली निगिनाचं आडनाव आलं, नावाचं अक्षर आलं, त्या पानाचं शीर्षक, पुस्तिका, साल. पान एकच, म्हणून पानाचा एकच आकडा. मांडणी सगळी नियमाप्रमाणे; नोंदणीचा नियम मात्र तिने आयुष्यात पहिल्यांदा मोडला. पुढचे संदर्भ एकेक पायरी खाली सरकले आणि पोरीला जागा झाली. मुकर्रमाला वाटलं, आपण तिचं अंथरूण घातलं.

दोमुल्लोंनी यादी पाहिलीच नाही. यादी कोण पाहतं? लेख गेला.

थंडीचा कडाका होता तेव्हा मासिकाचं उत्तर आलं. लेख आवडला होता. त्यातल्या त्यात आठव्या पानावरचं ते वाक्य सगळ्यांत मोलाचं आहे, असं मासिकासाठी लेख तपासणाऱ्या तज्ज्ञाने लिहिलं होतं. पुढे म्हटलं होतं: सतरावा संदर्भ आमच्या वाचकांना कुठेही सापडणार नाही. नोंदणीतला दुसरा संदर्भ द्या. तसा नसेल आणि हा लेखकांचा स्वतःचाच निष्कर्ष असेल, तर आकडा काढून टाका. एवढं झालं की लेख छापू.

दोमुल्लो पहिल्यांदाच जिना चढून वर आले. धापा टाकत खुर्चीत बसले.

"अपा, हे तुम्ही केलंत?"

"मी माझं काम केलं. वाक्य उसनं होतं."

"आता काढा."

"नाही काढणार. तिला लेखक करा, मग काढते."

"कशी करू?" दोमुल्लोंचा आवाज चढला. "पाठवलेल्या लेखात नवं नाव घालायचं तर मासिकाला सगळ्यांच्या सह्या लागतात. ज्याचं नाव घालायचं त्याचीसुद्धा! सही कोण आणणार? कबरस्तानात जाऊन तुम्ही आणणार?"

बोलून गेले आणि स्वतःच खाली बघत बसले. खालून वॉर्डातला खोकला ऐकू येत होता. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मी चांगला माणूस नाही, ठाऊक आहे मला. मी हसलो होतो तिला. पण ऐका. आमच्या कागदाला इथे कोण विचारतं? परदेशात छापून आलं तरच वरचे लोक आदेश काढतील. खाली सगळ्या खिडक्या आजही लिंपलेल्या आहेत. नर्स रोबिया परवापासून खोकतेय. तिला दोन पोरं आहेत. तुम्ही अडून बसलात तर आणखी एक हिवाळा जाईल. बोला."

मुकर्रमाने लेखाची पानं ओढून पुढ्यात घेतली.

"आणि तुमचंच वाक्य आहे, अपा. ही यादी आहे, कबरस्तान नव्हे. इसोमिद्दिनने सगळ्या इस्पितळाला सांगितलंय ते."

ते गेल्यावर ती पुन्हा सतराव्या संदर्भाकडे वळली. तिने परदेशच्या नोंदणीत शोध घेतला. खिडक्यांवर, वाऱ्यावर, क्षयावर खंडीभर लेख होते, पण हे वाक्य कुणाचं नव्हतं. ते तिच्या पोरीचंच होतं, म्हणून तर त्याला दुसरा धनी मिळेना. दुसऱ्याचा कुणाचा आकडा लावणं म्हणजे खोटी साक्ष. सतरा तसाच ठेवला तर लेख परत. काढला, तर ते वाक्य कुणाचं होणार, हे तिच्याइतकं त्या इस्पितळात कुणाला कळत होतं? पहिल्या दिवशीचा पहिला धडा तोच होता.

पोरीचं नाव ठेवावं तर पोरीचं काम मरतं. काम जगवावं तर नाव जातं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती उठून खाली गेली. बेडक्याच्या खोलीत रोबिया तोंडाला डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावून उभी होती, खोकला दाबत.

"काय गं, कधीपासून?"

"काही नाही, खाला. वारा लागला."

मुकर्रमा वर आली. वाक्याच्या शेवटचा सतराचा आकडा तिने पुसला. मग यादीतली ती ओळ पुसली, आडनावापासून पानापर्यंत. अठरावा सतरावा झाला, एकोणिसावा अठरावा झाला, आणि शेवटपर्यंत सगळे एकेक पायरी वर सरकले. मध्ये कुणी होतं याचा मागमूस राहिला नाही. तिने यादी पुन्हा एकदा तपासली. चूक एकही नव्हती. ती म्हणाली, "निगिना, माझ्या हाताने गं," आणि टेबलावर डोकं टेकून राहिली.

निगिनाला जाऊन वर्ष झालं, त्या वर्षाचा पुलाव लोकांना घातला, त्या दिवशी तिने निळे कपडे उतरवले. इसोमिद्दिन अका आले होते. तिने त्यांच्या हातावर पाणी घातलं आणि म्हणाली, "अका, तुमच्या गुरूंचं नाव काय होतं? पुन्हा एकदा सांगा." म्हाताऱ्याने सांगितलं. तिने ते नाव उच्चारून पाहिलं. अकांनी तिच्याकडे बघितलं, ओल्या हातानेच तिच्या डोक्यावर थोपटलं आणि जेवायला बसले.

लेख उन्हाळ्यात छापून आला. जावयाला पदवी मिळाली. साहेबांनी राजधानीत भाषण ठोकलं, ते आमच्या टीव्हीवरही दाखवलं. रोबियाचा आजार साधा निघाला, औषधांनी ती उठली. आणि शरदात खरंच आदेश आला: क्षयाच्या वॉर्डांच्या खिडक्या लिंपायच्या नाहीत, बेडका अंगणात घ्यायचा.

पहिलं बर्फ पडलं त्या सकाळी मुकर्रमा वॉर्डातून चालली होती. सगळ्या खिडक्या सताड उघड्या. रोगी नाकापर्यंत रजया ओढून खोकत होते. सोलेहा नावाची नवीन आया, याच वर्षी खेड्यातून कामाला आलेली, लाल पडलेल्या हातांनी फरशी पुसत होती आणि दात वाजवत शिव्या घालत होती.

"बघा ना, खाला! आत आणि बाहेर काही फरक आहे का? कुणा मेल्याच्या डोक्यातून निघालं हे? ज्याने कुणी हे शोधून काढलं ना, त्याची हाडं अशीच गारठोत! जमिनीत गेला तरी ऊब न मिळो!"

मुकर्रमा जागच्या जागी थांबली. खिडकीतून बर्फाची भुकटी आत येत होती. पलीकडच्या कोपऱ्यात रोबिया एका म्हातारीची सुई भरत होती. तिने चमकून वर पाहिलं, पण मुकर्रमाने हातानेच तिला गप्प राहायची खूण केली.

तिने आपल्या खांद्यावरची शाल काढली, सोलेहाच्या पाठीवर टाकली आणि तिच्या हनुवटीखाली नीट गाठ मारली.

"खिडकी मात्र लावू नकोस, पोरी," ती म्हणाली, आणि तशीच जिना चढून वर आपल्या कामाला गेली.